कॅरोलाइन हीली डॉल : कॉलेज, बाजार आणि न्यायालय

कॅरोलाइन हीली डॉल (१८२२–१९१२) या अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रदेशातील लेखिका, व्याख्यात्या आणि स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बॉस्टन आणि कॉन्कर्डच्या परिसरात फुललेल्या अतींद्रियवादी, म्हणजेच ट्रान्सेंडेंटल, विचारपरंपरेत त्या वाढल्या. माणसाच्या अंतर्यामी सत्य ओळखण्याची शक्ती असते, हा त्या परंपरेचा मूळ विश्वास. ही शक्ती स्त्रीतही आहे असे एकदा मानले, तर तिला शिक्षण, काम आणि कायद्याचे संरक्षण पुरुषाइतकेच मिळाले पाहिजे, हे डॉल यांनी पुराव्यानिशी आणि तपशीलवार मांडले. मराठी वाचकांशी त्यांचा थेट संबंध आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पहिले चरित्र त्यांनी लिहिले.

कॅरोलाइन यांचा जन्म २२ जून १८२२ रोजी बॉस्टन येथे झाला. वडील मार्क हीली हे सधन व्यापारी होते. आपल्या थोरल्या मुलीच्या शिक्षणात त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. खासगी शिक्षक ठेवले, चांगल्या शाळांत घातले, भाषा शिकवल्या आणि लिहिण्याची सवय लावली. त्या काळी अमेरिकेतील मुलींना महाविद्यालयाची दारे जवळजवळ बंद होती. शेजारच्या केंब्रिज गावातील हार्वर्डमध्ये फक्त मुलगेच शिकत. ओहायओ राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयाने मुलींना पदवीच्या अभ्यासक्रमात प्रवेश दिला तो १८३७ मध्ये, आणि तेव्हा ती गोष्ट अपवादात्मक होती. त्यामुळे कॅरोलाइन यांना पुढचे शिक्षण मिळाले ते व्याख्याने, पुस्तके आणि जाणत्या माणसांचा सहवास यांतून.

अशी माणसे बॉस्टनमध्ये तेव्हा पुष्कळ होती. १८३६ मध्ये राल्फ वॉल्डो इमर्सन यांचे ‘नेचर’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी काही तरुण धर्मोपदेशक व लेखक एकत्र येऊन चर्चा करू लागले. बहुतेक जण युनिटेरियन पंथातले होते. बुद्धीला पटेल तेवढाच धर्म स्वीकारणारा हा उदार पंथही त्यांना कोरडा वाटू लागला होता. चर्च, ग्रंथ आणि रूढी यांच्या मध्यस्थीवाचून माणसाला सत्याचा साक्षात्कार होऊ शकतो, अशी त्यांची धारणा होती. जर्मन तत्त्वज्ञान आणि इंग्रज कवींप्रमाणेच भारतीय ग्रंथांचेही त्यांना आकर्षण होते. चार्ल्स विल्किन्स यांनी १७८५ मध्ये केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद इमर्सन आणि याच वर्तुळातील लेखक थोरो या दोघांनीही मन लावून वाचला होता. या मंडळींतून शिक्षणसुधारणा, गुलामगिरीला विरोध, सामूहिक शेतीचे प्रयोग आणि स्त्रीहक्कांची मागणी अशा अनेक चळवळींना माणसे मिळाली.

या वर्तुळात कॅरोलाइन यांचा प्रवेश झाला तो एलिझाबेथ पीबडी यांच्यामुळे. पीबडी यांनी १८४० मध्ये बॉस्टनच्या वेस्ट स्ट्रीटवर पुस्तकांचे दुकान काढले. परदेशी पुस्तके आणि नियतकालिके तेथे मिळत आणि शहरातील विचारवंतांची तेथे सतत ये-जा असे. याच वर्तुळातील लेखिका मार्गारेट फुलर यांनी १८३९ पासून बॉस्टनच्या स्त्रियांसाठी संवादवर्ग चालवले होते. स्त्रिया शिकतात, पण शिकलेले बोलून दाखवण्याची, त्यावर विचार करण्याची वेळ त्यांच्यावर कधी येत नाही, हे ओळखून फुलर यांनी हा उपक्रम सुरू केला. ठरलेल्या विषयावर त्या आधी स्वतः बोलत आणि मग प्रत्येकीला आपले मत मांडायला लावत.

१८४१ च्या वसंतात फुलर यांनी ग्रीक पुराणकथांवर दहा संध्याकाळची एक मालिका घेतली. तिला पुरुषांनाही बोलावले होते. इमर्सन, ब्रॉन्सन ऑल्कट, जॉर्ज रिप्ली, जेम्स फ्रीमन क्लार्क अशी नामवंत मंडळी तेथे येत. अठरा वर्षांच्या कॅरोलाइनही हजर असत आणि कोण काय बोलले ते टिपून ठेवत. फुलर यांचा प्रभाव लेखनापेक्षा त्यांच्या बोलण्यात अधिक होता असे समकालीनांनी एकमुखाने सांगितले आहे, पण ते बोलणे लिहून ठेवणारे थोडेच निघाले. १८५० मध्ये इटलीहून परतताना न्यूयॉर्कजवळ फायर आयलंडच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून फुलर पती आणि मुलासह मृत्युमुखी पडल्या. त्यामुळे या टिपणांचे मोल फारच वाढले.

१८४१ च्या या संवादांनंतर लवकरच हीली कुटुंबाची आर्थिक स्थिती ढासळली. १८३७ च्या मंदीपासून अमेरिकेत अनेक व्यापारी पेढ्या बुडाल्या होत्या. वडिलांचे दिवाळे निघाल्यावर कॅरोलाइन यांनी १८४२ मध्ये वॉशिंग्टनलगतच्या जॉर्जटाउन येथे मुलींच्या शाळेत नोकरी धरली. सुखवस्तू घरातील मुलीवर अचानक कमावण्याची वेळ आली, तर तिच्यासमोर शिक्षिकेच्या कामापलीकडे फारसा पर्याय नसतो, हा अनुभव त्यांना विशीतच आला. राजधानीच्या त्या परिसरात गुलामगिरी कायदेशीर होती, आणि उत्तरेत वाढलेल्या या तरुणीने ती तेथे जवळून पाहिली.

१८४४ मध्ये त्यांचा विवाह चार्ल्स हेन्री ॲपलटन डॉल या युनिटेरियन धर्मोपदेशकाशी झाला. चार्ल्स यांचा ओढा गरीब वस्त्यांतील कामाकडे होता, पण एका जागी त्यांचा जम बसेना. बाल्टिमोर, पोर्ट्‌स्मथ, नीडम अशी गावे बदलत हे कुटुंब १८५१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे गेले. अमेरिकेत १८५० चा फरारी गुलामांविषयीचा कायदा नुकताच झाला होता. पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या ताब्यात देणे या कायद्याने सक्तीचे केले, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे सरहद्द ओलांडून कॅनडात आसरा घेऊ लागली. टोरांटोत कॅरोलाइन अशा निर्वासितांच्या मदतकार्यात सहभागी झाल्या. गुलामगिरीविरोधी लेखनही त्या करत होत्याच. अमेरिकेतील पहिल्या पिढीच्या स्त्रीहक्कवादी कार्यकर्त्या बहुतेक याच वाटेने आल्या. एका माणसावर दुसऱ्याची मालकी असणे अन्याय्य आहे असे म्हणता म्हणता पत्नीवरील पतीच्या कायदेशीर सत्तेकडे त्यांचे लक्ष गेले.

१८५५ मध्ये चार्ल्स डॉल अमेरिकन युनिटेरियनांचे मिशनरी म्हणून कलकत्त्याला गेले. राममोहन रॉय यांच्या काळापासून कलकत्ता आणि बॉस्टन येथील एकेश्वरवादी मंडळींत पत्रव्यवहार होता आणि त्या संबंधातूनच ही नेमणूक झाली. चार्ल्स यांनी तेथे मुलामुलींच्या शाळा चालवल्या, केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाशी स्नेह जोडला. १८८६ मध्ये कलकत्त्यातच त्यांचा मृत्यू झाला. मधल्या एकतीस वर्षांत ते मायदेशी मोजक्याच वेळा आले. कॅरोलाइन मात्र दोन मुलांसह मॅसॅच्युसेट्सला परतून तेथेच राहिल्या. घटस्फोट झाला नाही आणि संसारही उरला नाही. मुलगी सारा आणि मुलगा विल्यम यांना वाढवण्याचा भार त्यांनी लेखन, अध्यापन आणि व्याख्याने यांच्या बळावर उचलला.

त्या काळच्या इंग्रजी-अमेरिकी कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नव्हते. लग्न होताच तिची जंगम मालमत्ता पतीची होई. तिने मिळवलेले वेतनही त्याचेच. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे, आणि मुलांच्या ताब्यावर पहिला हक्क बापाचा असे. पती हजारो मैल दूर असताना घर चालवणाऱ्या स्त्रीला हा कायदा किती जाचक होता, हे निराळे सांगायला नको. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्ये कायदा करून विवाहितेला आपल्या मालमत्तेवर आणि कमाईवर हक्क दिला. अशा सुधारणांसाठी अर्ज, सभा आणि लेख यांचा रेटा लावणाऱ्यांत डॉल होत्या.

त्याच वर्षी डॉल स्त्रीहक्कांच्या चळवळीत उघडपणे पुढे आल्या. पॉलिना राइट डेव्हिस यांनी १८५३ मध्ये सुरू केलेले ‘द यूना’ हे स्त्रीहक्कांना वाहिलेल्या अमेरिकेतील सर्वांत आधीच्या नियतकालिकांपैकी एक होते. १८५५ मध्ये त्याच्या संपादनात डॉल सहभागी होत्या, पण पैशाअभावी ते वर्ष संपण्याआधीच बंद पडले. सप्टेंबरात बॉस्टनमध्ये स्त्रीहक्क परिषद भरली. तिच्या आयोजनातही डेव्हिस यांच्याबरोबर डॉल यांचा पुढाकार होता. इमर्सन यांनी स्त्री या विषयावर केलेले भाषण याच परिषदेतले. १८५९ च्या बॉस्टन परिषदेचे कामही डॉल यांनी पाहिले.

डॉल यांचे खरे सामर्थ्य मात्र सभा भरवण्यापेक्षा अभ्यासात होते. १८५० च्या दशकाअखेरीस त्यांनी बॉस्टनमध्ये व्याख्यानमाला दिल्या. स्त्रीने श्रोत्यांपुढे उभे राहून बोलणे तेव्हाही पुष्कळांना खटकत असे. डॉल यांच्या व्याख्यानांत आवेशापेक्षा आधारांचा भरणा असे. जनगणनेचे तक्ते, सरकारी अहवाल, न्यायनिवाडे, परदेशांतील कायदे हे सारे त्या गोळा करत आणि श्रोत्यांपुढे मांडत.

‘वुमन्स राइट टु लेबर’ हे १८६० मधील पुस्तक अशाच तीन व्याख्यानांचे आहे. पहिल्या व्याख्यानाचा विषय त्या काळी सभ्य समाजात उच्चारला जात नसे. शहरांतील वेश्याव्यवसायाला स्त्रियांची अनीती कारण नसून त्यांना मिळणारी अपुरी मजुरी कारण आहे, असे डॉल यांनी ठामपणे सांगितले. दिवसरात्र शिवणकाम करूनही पोट भरत नसेल, तर त्या बाईपुढे उपासमार किंवा बेअब्रू एवढेच दोन मार्ग समाजाने ठेवले आहेत, असा त्यांचा आरोप होता. दुसऱ्या व्याख्यानात स्त्री नाजूक असल्याने तिला कष्टाची कामे झेपत नाहीत, या समजाला त्यांनी उत्तर दिले. शेतांत, खाणींत आणि कारखान्यांत स्त्रिया पूर्वापार अतिशय जड कामे करत आल्या आहेत. त्यांना तेथे कोणी अडवले नाही. अडवले जाते ते चांगल्या पगाराच्या आणि प्रतिष्ठेच्या कामांपाशी. तिसऱ्या व्याख्यानात स्त्रियांना खुले होऊ शकतील अशा नव्या व्यवसायांचा विचार होता. काम मागणे ही याचना नाही, तो हक्क आहे, हे या तिन्ही व्याख्यानांचे सार.

हा हक्क बजावणाऱ्या एका स्त्रीची कहाणीही डॉल यांनी त्याच वर्षी संपादित करून प्रसिद्ध केली. मारी झाक्षेव्स्का या बर्लिनमध्ये सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या तरुणी १८५३ मध्ये अमेरिकेत आल्या, विणकाम-शिवणकाम करून त्यांनी दिवस काढले आणि १८५६ मध्ये क्लीव्हलंड येथे वैद्यकीय पदवी मिळवली. पुढे १८६२ मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये स्त्रिया व मुलांसाठी न्यू इंग्लंड हॉस्पिटल स्थापन केले. तेथे स्त्री डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रशिक्षण मिळू लागले. झाक्षेव्स्का यांचे आत्मकथनपर पत्र ग्रंथरूपाने छापताना, स्त्रीच्या श्रमाचा सिद्धान्त प्रत्यक्षात कसा उतरतो याचे उदाहरण म्हणून डॉल यांनी ते वाचकांपुढे ठेवले.

इतिहासाकडेही त्या याच दृष्टीने वळल्या. ‘हिस्टॉरिकल पिक्चर्स रीटच्ड’ (१८६०) या पुस्तकात त्यांनी बोलोन्या विद्यापीठातील विदुषी आणि वैद्यकशास्त्रात भर घालणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे वाचकांचे लक्ष वेधले. इतिहासकारांनी ज्यांना वगळले किंवा ज्यांचे चित्र विकृत केले, त्यांना त्यांचे स्थान परत देणे हा या लेखनाचा हेतू होता. स्त्रियांनी आजवर काय केले, या नेहमीच्या टोमण्याला पुराव्याने उत्तर देण्याचे हे काम होते. पुढच्या वर्षी ‘वुमन्स राइट्स अंडर द लॉ’ या पुस्तकात त्यांनी फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका येथील कायद्यांत स्त्रीचे स्थान काय आहे याची तुलना मांडली.

या सर्व व्याख्यानांना एकत्र गुंफून आणि नव्या माहितीची भर घालून १८६७ मध्ये त्यांनी ‘द कॉलेज, द मार्केट, अँड द कोर्ट’ हा जवळपास पाचशे पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्षण, श्रम आणि कायदा या तीन क्षेत्रांतील स्त्रीच्या स्थितीचा तो आढावा आहे. तिन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त. स्त्रीला शिक्षण मिळाले तरी शिकलेले वापरण्यासाठी व्यवसाय खुले नसतील तर ते शिक्षण वाया जाते. व्यवसाय मिळाला तरी कमाईवर कायद्याचा हक्क नसेल तर ती परावलंबीच राहते. आणि कायदा करणाऱ्यांना निवडण्याचा अधिकार तिला नसेल, तर मिळालेला हक्क टिकेल याची शाश्वती नाही. मार्गारेट फुलर यांनी १८४५ मधील ‘वुमन इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या ग्रंथात स्त्रीच्या आत्मविकासाचे तत्त्व मांडले होते. डॉल यांनी त्या तत्त्वाला वेतनाचे आकडे आणि कायद्याची कलमे यांचा आधार दिला. अमेरिकेतील स्त्रीविषयक सामाजिक अभ्यासाच्या आरंभीच्या ग्रंथांत या ग्रंथाची गणना होते.

असा अभ्यास संस्थेच्या रूपाने व्हावा यासाठीही त्या झटल्या. १८६५ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन सोशल सायन्स असोसिएशन स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉल होत्या आणि पुढे अनेक वर्षे त्या संचालक व उपाध्यक्ष राहिल्या. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, अर्थव्यवहार आणि न्याय या विषयांवर माहिती जमवून सुधारणा सुचवणे हे संस्थेचे काम. तुरुंग, वेड्यांची इस्पितळे, शाळा, मजुरांची घरे या गोष्टींची पाहणी केल्याशिवाय दया दाखवून भागत नाही, हा विचार या संस्थेने अमेरिकेत रुजवला. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या स्वतंत्र संस्था पुढे निघाल्या, त्यांची पूर्वपीठिका येथे आहे. अशा संस्थेत स्त्रीला आरंभापासून पदाधिकारी म्हणून स्थान मिळाले, ही त्या काळातील मोठी गोष्ट होती.

चळवळीतील सहकाऱ्यांशी मात्र डॉल यांचे नेहमी जमले नाही. त्यांचा स्वभाव स्पष्टवक्ता, काटेकोर आणि काहीसा मानी होता. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर मताधिकाराच्या प्रश्नावरून चळवळीत फूट पडली आणि नव्या संघटनांची सूत्रे इतरांच्या हाती गेली, तेव्हा डॉल हळूहळू मुख्य प्रवाहापासून दूर झाल्या. त्यांचे नाव पुढच्या पिढ्यांत मागे पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. लेखन मात्र थांबले नाही. निबंध, मुलांसाठी प्रवासकथा, शेक्सपिअरवरील अभ्यास असे विविध प्रकार त्यांनी हाताळले आणि युनिटेरियन चर्चमधून प्रवचनेही दिली. १८७७ मध्ये आल्फ्रेड विद्यापीठाने त्यांना कायद्याची सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मुलगा विल्यम हीली डॉल हे अलास्काच्या शोधकार्यामुळे प्रसिद्धीस आलेले निसर्गशास्त्रज्ञ. अलास्कातील पांढऱ्या रानमेंढीला त्यांच्यावरूनच डॉल मेंढी हे नाव पडले. ते वॉशिंग्टनमध्ये स्थिरावल्यावर कॅरोलाइनही १८७० च्या दशकाअखेर तेथे राहायला गेल्या. राजधानीतील घरी त्या स्त्रियांसाठी साहित्य आणि समाजविषयक वर्ग घेत. तरुणपणी मार्गारेट फुलर यांच्याकडे पाहिलेली पद्धत त्यांनी उतारवयात स्वतः चालवली.

याच काळात त्यांचे लक्ष एका महाराष्ट्रीय तरुणीकडे गेले. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच विवाहानंतरच्या आनंदीबाई, ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंनी त्यांना मुलीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्या समारंभाला त्यांच्या नात्यातील पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झालेली असताना क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, बॉस्टनच्या रॉबर्ट्‌स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने डॉल यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. आनंदीबाईंची पत्रे हा या पुस्तकाचा मोठा आधार आहे. अमेरिकी वाचकाला त्यातून हिंदू घरातील एका सुशिक्षित स्त्रीचे विचार तिच्याच शब्दांत वाचायला मिळाले. स्वधर्म आणि स्वतःचा वेश न सोडता विद्या मिळवणारी ही तरुणी डॉल यांना महत्त्वाची वाटली याचे नवल नाही. स्त्रीला शास्त्र शिकता येते आणि त्यासाठी ती समुद्र ओलांडू शकते, याचा दाखला आता न्यू इंग्लंडबाहेरून, थेट महाराष्ट्रातून आला होता. झाक्षेव्स्का यांच्या आत्मकथनानंतर अठ्ठावीस वर्षांनी डॉल यांनी स्त्री डॉक्टरचे दुसरे जीवन असे जगापुढे ठेवले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र १८८९ मध्ये आले. दोन्ही चरित्रे स्त्रियांनी लिहिली आणि दोन्ही चरित्रनायिकेच्या निधनानंतर दोन-तीन वर्षांच्या आत लिहिली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बॉस्टनमध्ये तेव्हा भारतीय स्त्रियांविषयी आस्था जागी होती. युनिटेरियन धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल यांच्या अध्यक्षतेखाली १८८७ मध्ये तेथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

सत्तरी ओलांडल्यावर डॉल यांनी तरुणपणाचा ठेवा प्रकाशात आणला. १८४१ च्या संवादांची टिपणे ‘मार्गारेट अँड हर फ्रेंड्स’ या नावाने १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. फुलर बोलत कशा, प्रश्नांना उत्तरे कशी देत आणि नामवंत पुरुषांसमोर चर्चेचे सूत्र कसे सांभाळत, हे आजच्या अभ्यासकांना या पुस्तकामुळे कळते. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी अतींद्रियवादी चळवळीचा इतिहास आपल्या दृष्टीने सांगितला. तो इतिहास सामान्यतः इमर्सनपासून सुरू होतो. डॉल यांनी त्याची सुरुवात ॲन हचिन्सन यांच्यापासून केली. आपल्या अंतःकरणातील ईश्वरी प्रेरणेवर विश्वास ठेवल्याबद्दल मॅसॅच्युसेट्सच्या धर्मसत्तेने १६३७ मध्ये हचिन्सन यांच्यावर खटला भरून त्यांना वसाहतीबाहेर घालवले होते. तेथून मार्गारेट फुलर यांच्यापर्यंत ही परंपरा येते, असे डॉल यांचे प्रतिपादन होते. चळवळीच्या दोन्ही टोकांना त्यांनी स्त्रिया उभ्या केल्या. आज अभ्यासक या चळवळीतील स्त्रियांच्या वाट्याचा नव्याने शोध घेत आहेत, तेव्हा या व्याख्यानाची आठवण हटकून काढली जाते.

डॉल यांनी किशोरवयापासून अखेरपर्यंत, सुमारे पाऊणशे वर्षे, रोजनिशी लिहिली. सभा, व्याख्याने, माणसांचे स्वभाव, घरातील आजारपणे, पैशाची ओढाताण, मनातील निराशा हे सारे त्यांत आहे. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील बॉस्टनच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन मानले जाते. १७ डिसेंबर १९१२ रोजी वॉशिंग्टन येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकी स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला तो त्यानंतर आठ वर्षांनी, १९२० मध्ये.

इमर्सनसारखी वाणी किंवा फुलर यांच्यासारखी प्रतिभा डॉल यांना लाभली नव्हती. मोठ्या संघटनेचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले नाही. पण आत्म्याच्या समानतेचे तत्त्व मान्य करून थांबलेल्या समाजाला, त्या तत्त्वाचा हिशेब पगारपत्रकात आणि कायद्याच्या पुस्तकात दाखवा, असे त्यांनी बजावले आणि तो हिशेब स्वतः मांडूनही दिला. शिक्षण, रोजगार आणि कायदा या तिन्ही ठिकाणी समानता एकदम आली तरच ती टिकते, हा त्यांचा निष्कर्ष दीडशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही. आनंदीबाईंच्या चरित्रकार म्हणून मराठी वाचकाने त्यांचे ऋण मानावेच. त्याबरोबर त्यांचे स्वतःचे चरित्रही मराठीत यायला हवे.